जिवतीच्या कागदावरून निघालेला प्रश्न : वारांची नावे आणि त्यांचा क्रम

अ-२०३ : सर्वांना नमस्कार. श्रावण सुरू झाल्यामुळे काल देवघराशेजारी जिवतीचा कागद लावला. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण आणि लेकुरवाळ्या जिवत्या यांच्याबरोबर बुध-बृहस्पतीही आहेत, एक हत्तीवर आणि एक वाघावर. चौथीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने विचारले की, बुधवार आणि गुरुवार यांच्यावरून हे देव आले की देवांवरून वार आले, आणि मंगळानंतर बुधच का, शुक्र का नाही? देवांवरून वार आले एवढेच मी सांगू शकले. क-१०१ मधील सरांनी गणित शिकवण्यात आयुष्य घालवले असून पंचांगाचाही त्यांचा व्यासंग आहे, म्हणून त्यांनाच विनंती करते.

क-१०१ : ताई, मुलीने अगदी मुळाशी हात घातला आहे. नावे देवांची असली, तरी त्यांचा क्रम कोणत्याही पुराणकथेने ठरवलेला नाही. तो ग्रहांच्या गतीवरून ठरला आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे आणि ताऱ्यांमधून सरकणारे सात गोल प्राचीन लोकांनी मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत असे मांडले : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. शनीला एक फेरा पुरा करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, तर चंद्राला सत्तावीस दिवसांहून थोडे अधिक. शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा, हे नावसुद्धा या निरीक्षणातूनच आले आहे.

आता एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या दिवसाचे २४ सारखे भाग, म्हणजे होरे, करा आणि प्रत्येक होऱ्याला याच क्रमाने एकेक स्वामी द्या. सूर्योदयाच्या पहिल्या होऱ्याचा जो स्वामी, तोच त्या दिवसाचा स्वामी. शनिवारी पहिला होरा शनीचा असेल, तर आठवा, पंधरावा आणि बाविसावाही शनीचाच येतो. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा, आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पाळी रवीची येते. म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून तसेच मोजले की चंद्र मिळतो, चंद्रापासून मंगळ आणि मंगळापासून बुध. आर्यभटाने आपल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथातील कालक्रियापादात हे एका ओळीत सांगितले आहे : ‘शीघ्रक्रमाच्चतुर्था भवन्ति सूर्योदयाद् दिनपाः’, म्हणजे शीघ्रतेच्या क्रमाने चौथा चौथा ग्रह सूर्योदयापासून दिवसाचा स्वामी होतो. मुलीला सात नावे वर्तुळात लिहायला सांगा आणि सुरुवातीचे नाव धरून दर चौथ्या नावावर बोट ठेवायला लावा. सबंध आठवडा तिच्या हाताखाली उलगडेल.

ब-३०४ : सर, आपला मान राखून एक शंका मांडतो. वार ही आपल्याच ऋषिमुनींची देणगी आहे आणि पाश्चात्त्यांनी ती आपल्याकडून उचलली, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. होरा शब्दही अहोरात्रातून निघाला, असे आमचे आजोबा सांगत. मग यात परक्यांचा काही भाग आहे की नाही, हे स्पष्ट सांगावे.

क-१०१ : आपल्या आजोबांनी सांगितलेली व्युत्पत्ती जुनीच आहे. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने बृहज्जातक या आपल्या ग्रंथात ती नोंदवली आहे : ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गाळले की ‘होरा’ उरते, असे काहींचे मत. मात्र त्याच अर्थाचा ‘होरा’ हा शब्द ग्रीक भाषेत आहे आणि तेथूनच तो आपल्याकडे आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वेदांगज्योतिष या आपल्या सर्वांत जुन्या ज्योतिषग्रंथात तिथी आणि नक्षत्रे आहेत, पण वार नाहीत. याउलट रोमन साम्राज्यात ग्रहांच्या नावांचा हाच सात दिवसांचा क्रम इसवी सनाच्या पहिल्या शतकात रूढ झालेला होता.

हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही, आणि वराहमिहिरालाही वाटला नव्हता. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यापाशी नीट आहे, म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूजनीय ठरतात, असे वचन त्याने बृहत्संहितेत आदराने दिले आहे.

आपल्याकडील शिलालेखांत वाराचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख म्हणून मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यातल्या एरण येथील स्तंभलेख दाखवला जातो. तो गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातील, गुप्त संवत १६५ मधील आहे, आणि त्यात आषाढ शुद्ध द्वादशी व ‘सुरगुरोर्दिवसे’, म्हणजे देवांच्या गुरूचा दिवस, असे कोरले आहे. त्या तिथीला खरोखर गुरुवार येतो का, हे गणिताने पडताळून देणारा माणूस आपल्या मुरूडचा, रत्नागिरी जिल्ह्यातला : शंकर बाळकृष्ण दीक्षित. गुप्तांच्या शिलालेखांवरील फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली निघाला, त्यासाठी दीक्षितांनी ही आकडेमोड केली आणि दिवस निघाला २१ जून ४८४, गुरुवार. गुप्त संवताचा आरंभ कोणत्या वर्षी धरायचा, हा त्या काळातला मोठा वाद होता, आणि तो सुटण्यास दगडावरचा हा एक ‘गुरुवार’ फार उपयोगी पडला. तिथीच्या मोजणीत एका दिवसाचा फरक पडू शकतो. वाराची साखळी मात्र अखंड चालते, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना वार एवढा मोलाचा वाटतो.

ब-१०२ : या चर्चेत गोव्याची एक गोष्ट सांगावीशी वाटते. पोर्तुगीज भाषेत सोमवार ते शुक्रवार या दिवसांना ग्रहदेवतांची नावे नाहीत. दुसरा, तिसरा, चौथा असे आकडेच आहेत, कारण परधर्मीय देवांची नावे दिवसांना असणे तेथील ख्रिस्ती धर्मगुरूंना फार पूर्वी खटकले होते. त्या भाषेचे राज्य गोव्यावर साडेचारशे वर्षे होते. तरीही आमच्या घरी, आणि चर्चला जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या घरीही, कोकणीत आयतार, सोमार, मंगळार असेच म्हटले जाते. आयतारात आदित्य आहे आणि गुरुवारच्या ‘बिरेस्तार’मध्ये बृहस्पती आहे.

क-१०१ : फार चांगली आठवण करून दिलीत. आमच्या आजोळी, सोलापूरच्या बाजूला, जुनी माणसे ‘आयतवार’ आणि ‘बेस्तरवार’ म्हणत असत. शहरात वाढलेली मुले त्याला अशुद्ध बोलणे समजतात, पण आदित्य आणि बृहस्पती ही पूर्ण नावे त्या उच्चारांनी जितकी जपली आहेत, तितकी आपल्या ‘रविवार’ आणि ‘गुरुवार’ यांनीही जपलेली नाहीत.

अ-२०३ : सर, मुलीने वर्तुळ काढून चौथ्या नावाचा हिशोब तीन वेळा करून पाहिला आणि तो दर वेळी बरोबर आला. आता तिला बुध आणि बृहस्पती एकाच कागदावर का, हे हवे आहे. मुलांना सांगता येईल अशी त्यांची गोष्ट आहे का?

क-१०१ : गोष्ट आहे, आणि ती विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात आहे. राजसूय यज्ञ केल्यावर सोमाला, म्हणजे चंद्राला, गर्व झाला आणि त्याने देवगुरू बृहस्पतीची पत्नी तारा हिला पळवून नेले. ब्रह्मदेवाने सांगूनही तो तिला सोडेना. बृहस्पतीशी वैर असल्यामुळे शुक्राचार्य सोमाच्या बाजूने उभे राहिले, शुक्र आले म्हणून दैत्य आले, आणि इंद्रासह देव बृहस्पतीच्या बाजूने लढले. अखेर ब्रह्मदेवाने मध्ये पडून तारेला परत आणले. पुढे तिला झालेला मुलगा इतका तेजस्वी होता की, सोम आणि बृहस्पती दोघांनाही तो आपला असावा असे वाटू लागले. देवांनी तारेला विचारले, पण ती लाजेने गप्प राहिली, तेव्हा तो मुलगाच रागावून आईला शाप द्यायला निघाला. ब्रह्मदेवाने त्याला थांबवून पुन्हा विचारले आणि तारेने ‘सोमाचा’ असे उत्तर दिले. सोमाने मुलाला मिठी मारली आणि तो शहाणा आहे म्हणून त्याचे नाव बुध ठेवले.

पळवून नेण्याचा भाग मुलीला कितपत सांगावा, हे आपण आई म्हणून ठरवावे; माझ्या मते तारेचे मौन आणि मुलाचा प्रश्न एवढे सांगितले, तरी गोष्ट पुरी होते. तिला एक नक्की दाखवा : सोम, बुध, गुरू आणि शुक्र, असे सातांपैकी चार वार या एकाच कथेत आहेत. रवी आणि शनी हे बापलेक. सूर्याची पत्नी संज्ञा त्याचे तेज न सोसून आपली छाया मागे ठेवून गेली, त्या छायेचा मुलगा शनी. राहिला मंगळ, तो भूमीचा मुलगा, म्हणूनच त्याला भौम म्हणतात.

बुध-बृहस्पती एकत्र का, याचे उत्तर म्हणून मी एवढेच सांगेन की, ज्या मुलावरून बृहस्पती आणि सोम यांच्यात वाद झाला, त्या मुलाशेजारीच बृहस्पती आपल्या घरांतल्या कागदावर बसलेला आहे, आणि श्रावणात बुधवारी व गुरुवारी त्या दोघांची पूजा जोडीनेच होते. उद्या बुधवार आहे. मुलीला सकाळी पूजेला बसवा, आणि संध्याकाळी ती तिचे वर्तुळ घेऊन आमच्याकडे आली, तर शनिवारचे शनीपासून मंगळापर्यंतचे सगळे २४ होरे मी तिच्याकडून ओळीने लिहून घेईन.