रात्री ‘व्हिज्युअल’ नाकारलं, विमान ओकलंडला गेलं. चूक कोणाची?

पश्चिमवारा (धागाकर्ता)
१६ ऑक्टोबर २०२३. म्युनिकहून आलेलं लुफ्तान्साचं ए-३५० (उड्डाण ४५८) रात्री सॅन फ्रान्सिस्कोजवळ पोचलं. अप्रोच कंट्रोलरला (उतरणाऱ्या विमानांची रांग लावणारा) हवा होता व्हिज्युअल अप्रोच, आणि त्यासोबत दुसरं विमान डोळ्यांनी बघा, अंतर तुम्हीच राखा. वैमानिक म्हणाला, रात्री असं अंतर राखायला कंपनीची मनाई आहे, आयएलएस (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांवर उतरणं) द्या. दहाएक मिनिटं थांबा म्हणाले, ती उलटली तरी नंबर लागेना. विचारल्यावर कंट्रोलरने चर्चा संपवली आणि शेजारच्या ओकलंड विमानतळाचा रस्ता दाखवला. विमान आधी ओकलंडला, मग तिथून सॅन फ्रान्सिस्कोला.

माझ्या मते वैमानिक शंभर टक्के बरोबर. सॅन फ्रान्सिस्कोच्या २८ डावी आणि २८ उजवी या समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत अंतर फक्त ७५० फूट. ‘ट्रॅफिक इन साइट’ (दुसरं विमान दिसतंय) म्हणून व्हिज्युअल सेपरेशन स्वीकारलं की वेक टर्ब्युलन्ससकट (पुढच्या विमानामागे उठणारे हवेचे भोवरे) सगळी जबाबदारी कॉकपिटच्या गळ्यात. काळोखात, मागे शहराचे दिवे, त्यात एका लुकलुकत्या दिव्यावरून अंतर ओळखायचं!

फायनल_फोर
नकाराचा हक्क कोण नाकारतंय? पण पलीकडच्या, कंट्रोलरच्या खुर्चीचा हिशेबही मांडा की. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे हा प्रकार आपल्याला ओळखीचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोला तेव्हा विमानं जोडीजोडीने, शेजारीशेजारी उतरायची. समांतर पट्ट्या २५०० फुटांपेक्षा जवळ असतील तर वेकच्या हिशेबात, काही सवलती सोडल्या तर, त्या एकच धरतात. ए-३५० ‘हेवी’ म्हणजे जड वर्गातलं, त्याच्यामागे बोइंग ७३७ असेल तर ५ मैल अंतर. शिवाय शेजारच्या पट्टीवर जोडीदार चालत नाही. म्हणजे एका आयएलएससाठी दोन्ही रांगा ताणायच्या, आणि त्या ताणायच्या तर ३०-४० मैल मागूनच.

एटीआयएसवर (विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती) ‘व्हिज्युअल चालू’ हे उतरायला लागण्याआधीच कळतं. तेव्हाच सेंटरला (अप्रोचच्या आधीचं नियंत्रण केंद्र) सांगून टाका. अप्रोचच्या फ्रिक्वेन्सीवर वाद रंगतो तोवर रांग बांधून झालेली असते.

रेडिओमौन
फायनल_फोर, हिशेब बरोबर आहे, पण तो क्षमतेचा. सुरक्षेचा हिशेब वॉशिंग्टनला बघा. २९ जानेवारी २०२५, रात्र. टॉवरने सीआरजे-७०० या प्रवासी विमानाला धावपट्टी १ ऐवजी ३३ घेता येईल का विचारलं, त्यांनी घेतली. लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरने विमान दिसतंय म्हणून व्हिज्युअल सेपरेशन मागितलं, ते मिळालं. टक्कर झाली, ६७ जण गेले. ‘दिसतंय’ म्हणजे नेमकं कोणतं विमान दिसतंय, हे तपासायची सोय रेडिओवर नाही. मग कंपनीने रात्रीपुरती बंदी घातली तर त्यात अडेलतट्टूपणा कुठला?

उंबरठा५०फूट
दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय. व्हिज्युअल अप्रोच (धावपट्टी डोळ्यांनी बघून उतरणं) वेगळा, व्हिज्युअल सेपरेशन (दुसऱ्या विमानापासूनचं अंतर डोळ्यांनी राखणं) वेगळं. लुफ्तान्साची अडचण दुसऱ्याची होती.

पहिल्याचा धोका बघायचा तर त्याच विमानतळावर ७ जुलै २०१७. एअर कॅनडा ७५९, ए-३२०. २८ डावी बंद, तिचे दिवे विझवलेले. क्रूच्या डोक्यात मात्र दोन पट्ट्या, म्हणून त्यांनी २८ उजवीला डावी समजून तिच्या उजवीकडच्या टॅक्सीवे सी वर (विमानं जमिनीवर ये-जा करतात तो रस्ता) नेम धरला. तिथे चार विमानं उभी. गो-अराउंड करताना (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) विमान सुमारे ६० फुटांपर्यंत खाली आलं होतं. आयएलएसची फ्रिक्वेन्सी लावलेलीच नव्हती. लावली असती तर लोकलायझरची (धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा आयएलएसचा भाग) सुई बाजूला गेलेली दिसली असती. तेव्हा क्लिअरन्स व्हिज्युअलचा असला तरी आयएलएस ट्यून करा, आयडेंट (त्याचा ओळख-संकेत) ऐका, आणि कोणती पट्टी बंद आहे ते नोटॅममधून (वैमानिकांसाठीच्या सूचना) ब्रीफिंगमध्ये मोठ्याने म्हणा. याला कंट्रोलरची परवानगी लागत नाही.

पश्चिमवारा
पटलं. पण फायनल_फोर, लवकर सांगूनही ‘बघू’ असं उत्तर आलं तर? बारा तासांच्या उड्डाणानंतर होल्डिंगचं (हवेतच घिरट्या घालत थांबायचं) इंधन किती उरणार?

फायनल_फोर
म्हणून तर बोलणं आकड्यात हवं. ‘अनेबल व्हिज्युअल सेपरेशन, रिक्वेस्ट आयएलएस २८ राइट, होल्ड २० मिनिटं, मग ओकलंड.’ एवढं एका दमात सांगितलं की कंट्रोलरला जागा शोधायची की वळवायचं, हे लगेच ठरवता येतं. होल्ड वाढत चालला तर ‘मिनिमम फ्युएल’. त्याने प्राधान्य मिळत नाही, पण आणखी उशीर चालणार नाही हे कळतं. उतरताना ३० मिनिटांचा फायनल रिझर्व्हही (शेवटचं राखीव इंधन) उरणार नाही असं दिसलं तर सरळ ‘मेडे फ्युएल’.

त्या रात्री मात्र आणीबाणी जाहीर केली तर तुमचाच क्रम कोलमडेल, अशा अर्थाचं वैमानिकाकडून कंट्रोलरला सुनावलं गेलं. आणीबाणी असेल तर जाहीर करा, नसेल तर तिचा उल्लेख सौद्यात आणू नका.

रेडिओमौन
आणि दहा मिनिटं सांगून चौदाव्या मिनिटाला ‘चर्चा संपली’ म्हणणारा कंट्रोलर? नवी वेळ सांगायला किती सेकंद लागतात हो?

फायनल_फोर
पाच. ती चूक त्याचीच.