जुनी टूरिंग बाईक घेताना इंजिनचा आवाज: आपल्या कानावर किती विसंबायचं?

गोदाकाठ
चुलतभाऊ परवा नाशिकच्या इंदिरानगरात रॉयल एनफिल्डची एक हिमालयन ४११ बघून आला. २०१८ची, कागदपत्रं चोख, टायर बरे. हा पोचला तेव्हा मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली होती. याला आवाज एकदम मस्त वाटला आणि तो इसार द्यायला निघाला. मी अडवलं. त्यावरून घरात बराच वाद झाला, म्हणून इथे विचारतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होतानाचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. गाडीजवळ गेलात की आधी फिन्सना, म्हणजे इंजिनावरच्या पट्ट्यांना, हात लावा. कोमट लागल्या तर मालकाला सांगा, उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका.

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. तापला की फुगतो आणि झिजलेल्या बोअरमधली (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्यातली) फट तात्पुरती भरून निघते. थंडपणी जी ठकठक येते ती थोड्या वेळात गायब. टायमिंग चेनला, म्हणजे इंजिनाच्या आतल्या चेनला, ताण देणारा टेन्शनर थकला असेल तर सुरुवातीचे काही सेकंद खळखळ ऐकू येते, मग तीही दबते. पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं मात्र उलटं. ऑईल तापून पातळ झालं की ठोका वाढतो. म्हणून गाडी थंड असताना ऐका, आणि गंगापूर धरणापर्यंत चालवून आणल्यावर पुन्हा ऐका.

आवाज कशाने बदलतो तेही बघा. क्लच दाबल्यावर गेला तर तो क्लचचा, घाबरू नका. वेगात असताना क्लच दाबून इंजिन आयडलला येऊ द्या. आवाज चाकाच्या वेगानेच चालू राहिला तर चेन-स्प्रोकेट किंवा चाकाचं बेअरिंग. एवढं कुणालाही शिकता येतं. पटतंय का?

रानवाटा
नाही पटत. कानाचं हे वेड मला घातक वाटतं. व्हिडिओ बघून गेलेला माणूस एअर-कूल्ड गाडीची साधी टिकटिक ऐकून चांगली गाडी नाकारतो आणि शांत वाटणारी उचलतो.

शांत म्हणजे चांगली हे कुणी ठरवलं? टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग, त्यात बारीक फट म्हणजे क्लिअरन्स ठेवावा लागतो) सैल असेल तर वाजतं, ऐकू येतं, सेट करून घेता येतं. टॅपेट घट्ट असेल तर काहीच वाजत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्यातली उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते ती जायची थांबते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू जळतो. टूरिंगची गाडी तासन् तास एका वेगात पळते, तिथे हा प्रकार लवकर भोवतो. ज्या इंजिनाने तुमच्या कानाला काहीही सांगितलं नाही त्याचंच हेड उतरवायची वेळ येते. कॉम्प्रेशन तपासून घ्या, सर्व्हिसच्या पावत्या मागा. कान घरी ठेवून गेलात तरी चालेल.

भगूरकर
रानवाटा, सहमत. त्यात प्रत्येक इंजिन वेगळं. जुन्या थंडरबर्ड ३५० च्या यूसीई इंजिनात (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसमध्ये) हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबाने आपोआप जुळणारे, टॅपेट आहेत, तिथे टॅपेट सेट करायचा प्रश्नच येत नाही. हिमालयन ४११ ला स्क्रूवाले. केटीएम ३९० ॲडव्हेंचरला शिम, म्हणजे क्लिअरन्स बदलायचा तर ती मोजून बसवलेली चकतीच बदलावी लागते. तीच टिकटिक एका गाडीत काहीशे रुपयांचं काम आणि दुसरीत दिवसभराचं. हे माहीत नसेल तर नुसतं ऐकून काय कळणार?

सातपूरचा फिटर
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. माझ्याकडे गाडी बघायला आणतात तेव्हा मी काय करतो ते सांगतो.

लांब स्क्रू ड्रायव्हर घेतो. टोक टॅपेट कव्हरवर, मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरतो. मग टोक टायमिंग चेनच्या बाजूला, मग बोअरवर, मग खाली क्रँककेसवर. आवाज जिथे सगळ्यात टोकदार लागतो तिथे त्याचं घर. नुसतं शेजारी उभं राहिलात तर टाकीखाली सगळे आवाज एकमेकांत मिसळतात. (बाही आणि ओढणी चेनपासून लांब ठेवा, हे आधी सांगायला हवं होतं.)

दुसरं, लय ऐका. फोर स्ट्रोकमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे टॅपेटचा आवाज बारीक, आणि इंजिनाच्या वेगाच्या मानाने संथ. रॉडचा ठोका जड, पोटातून आल्यासारखा. तो आयडलला कधीकधी येतच नाही. चढावर जोर लावताना किंवा मधल्या आरपीएमवर ॲक्सिलरेटर किंचित सोडला की दोन-तीन ठोके स्पष्ट पडतात.

आणि सगळ्यात जास्त फसवणारी टिकटिक इंजिनाच्या आतली नसतेच. सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाईप हेडला जिथे बसतो तिथलं गॅस्केट फुटलेलं असतं किंवा नट ढिला असतो. हुबेहूब टॅपेटसारखं वाजतं. तिथे टॉर्च मारा. फटीभोवती काजळीचा काळा फराटा दिसला की समजा गॅस लीक आहे. गॅस्केट बदललं की गाडी गप्प. या एका आवाजासाठी लोकांनी हेड उघडलेलं मी पाहिलंय.

गोदाकाठ, क्लचबद्दल एक दुरुस्ती. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर घरघर गेली तर ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचीही असू शकते. त्याला बहुतेक गाड्यांत क्रँककेस उघडावी लागते. तेव्हा "घाबरू नका" म्हणू नका.

मृण्मयी_पंचवटी
माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते. मी एकटी गाडी बघायला जाते तेव्हा "उद्या सकाळी येते, चालू करू नका" म्हटलं की समोरचा हसतो, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने तर मला हँडलच धरू दिलं नाही, म्हणाला, मॅडम, घरातल्या कुणाला तरी पाठवा. अशा ठिकाणी कान कितीही तयार असले तरी उपयोग शून्य.

मी आता आधी फोनवरच अट घालते: गाडी थंड हवी, आणि सोबत माझा मेकॅनिक येणार. त्याची फी मी देणार. ज्याला यात अडचण वाटते त्याच्या गाडीत मला रस नाही. तेव्हा रानवाटा, कान घरी ठेवून कसं चालेल? मेकॅनिक न बोलावणाऱ्याकडे कान सोडून दुसरं काय आहे?

जुनंसोनं_सिडको
माझा धंदाच सेकंडहँड गाड्यांचा आहे, तरी बोलतो. गाडी गरम करून ठेवणारा प्रत्येक जण लबाड नसतो. गाडी महिनोन् महिने उभी असते, बॅटरी पडलेली असते, गिऱ्हाईकासमोर स्टार्ट झाली नाही तर सौदा तुटतो. म्हणून आधी चालू करतात.

पण ठोका दाबायला जाड ऑईल भरणारे आहेत, हे नाकारत नाही. म्हणून ऑईलवर पैसे खर्च करा. मालकाला सांगा, नवीन ऑईल-फिल्टर माझ्याकडून, जुनं माझ्यासमोर काढा. पांढऱ्या डब्यात धरून उन्हात बघा. ड्रेन बोल्टच्या मॅग्नेटवर राखाडी लगदा असणं चालतं. चमचमणारी कुसळं किंवा बोटाला लागणारे तुकडे दिसले तर तिथून निघा. कानाला शंका येईल, डब्यात पुरावा दिसेल.

गोदाकाठ
ताई, फोनवरच अट घालायची ही पद्धत भावाला सांगितली, तसंच करणार आहोत. फिटरदादा, दुरुस्ती मान्य. घट्ट टॅपेटचा मुद्दाही मोलाचा आहे, तो कानाला कधीच सापडणार नाही.

पण रानवाटा, पावत्यांवर एवढा विश्वास कशाला? पावती सांगते की ऑईल बदललं. मधल्या काळात कमी ऑईलवर गाडी कसारा घाटातून सामान लादून पळवली का, ते पावतीवर येत नाही. ते बेअरिंगवर येतं, आणि बेअरिंग बोलतं. माझं म्हणणं एवढंच की गिऱ्हाईकाने निदान करू नये, पण नकार द्यायला शिकावं. चढावर जड ठोका ऐकला की कुठला भाग ते शोधत बसायचं नाही, सौदा थांबवायचा. त्यासाठी फिटरइतका कान लागत नाही.

रानवाटा
नकार देण्यापुरता कान, एवढं मी मान्य करतो. तरी दोन धोके राहतात. उंच गिअरमध्ये कमी आरपीएमवर चढ चढवला की निरोगी इंजिनही किणकिणतं. ते नॉकिंग, जळणाशी संबंधित. गिअर उतरवला की थांबतं. नवखा माणूस त्यालाच रॉड समजेल. तेव्हा चढावर ऐकायचं तर योग्य गिअरमध्ये ऐका. आणि द्वारका चौकाच्या कोंडीत टेस्ट राईड घेऊ नका, तिथे रिक्षाच्या आवाजात काही कळणार नाही. पेठ रोडने सावळघाटापर्यंत जा.

दुसरा धोका: "ठोका आहे, पण किंमत निम्मी करतो" म्हणणारा मालक. तिथे लोक भुलतात.

सातपूरचा फिटर
निम्म्या किमतीतही घेऊ नका, निदान टूरिंगसाठी. बऱ्याच सिंगल सिलिंडर गाड्यांत क्रँक प्रेस केलेला, म्हणजे तुकडे दाबून जोडलेला, असतो. पिन आणि रॉड बदलून तो पुन्हा जोडायचा, सेंटरला घेऊन डायल गेजवर ट्रू (सरळ) करायचा. आपल्या एमआयडीसीत हे नीट करणारे लेथवाले आहेत, पण हातोडीने अंदाजे करणारेही आहेत. काम कुणी केलं ते बाहेरून दिसत नाही, आणि थोडं जरी चुकलं तर लांबच्या प्रवासात व्हायब्रेशन वाढत जाऊन नवं बेअरिंगही खातं. इंटरसेप्टर ६५० सारख्या दोन सिलिंडरच्या ट्विनचा क्रँक अखंड, तिथे हिशेबच वेगळा आणि महाग. गावातल्या गावात फिरवायला कुणी घेत असेल तर त्याची मर्जी.

गोदाकाठ, भावाला घेऊन या. मालक सकाळी आठच्या आत तयार असेल तर मी इंदिरानगरला येतो, आठनंतर गॅरेज उघडावं लागतं. टॉर्च तुम्ही आणा, स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे.