व्यायाम सुरू केला आणि वजन दीड किलोने वाढलं. उत्साह कसा टिकवायचा?

सकाळची_लोकल
वय ३८, उंची १५७ सेंमी, काम बसून. तीन आठवड्यांपासून जिम सुरू आहे: तीन दिवस वजनं आणि दोन दिवस शिवाजी पार्कला भरभर चालणं. काटा ६८.४ वरून ६९.९ वर गेलाय. कपडे घट्ट झालेले नाहीत, पण जिममधल्या मशीनने चरबीही वाढल्याचं दाखवलं. रोज सकाळी आकडा बघितला की जायची इच्छाच मरते. हे वाढलंय ते नेमकं काय? आणि ते कळेपर्यंत व्यायाम चालू कसा ठेवायचा?

लोखंड_आणि_घाम
ताई, आधी हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तीन आठवड्यांत दीड किलो चरबी चढायची तर रोज गरजेपेक्षा साडेपाचशे कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. नेहमीच्या जेवणावर रोज जवळपास दोन वडापाव धरा. खाणं एवढं वाढलं नसेल, तर यातला बराचसा भाग पाणी आहे.

हे पाणी दोन कारणांनी साठतं. सवय नसलेल्या स्नायूवर भार पडला की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ती भरून येईपर्यंत तिथे सूज राहते. स्क्वॅट (उठाबशांसारखा व्यायाम) केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतात ना, ती हीच. दुसरं कारण ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत इंधन म्हणून साठवलेली साखर. व्यायामाला सरावलेला स्नायू जास्त ग्लायकोजेन साठवतो आणि दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरतो. म्हणजे २०० ग्रॅम ग्लायकोजेन वाढलं की काटा ८०० ग्रॅम जास्त दाखवणार. हे पाणी घालवायच्या मागे लागू नका, पुढचा सेट त्यासोबतच्या ग्लायकोजेनच्याच जोरावर होतो. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेत असाल तर आणखी किलोभर त्याचं धरा.

‘स्नायू वाढले असतील’ अशी समजूत बरेच जण काढतात. मला ती पटत नाही. तीन आठवड्यांत फार तर काहीशे ग्रॅम स्नायू वाढतो, दीड किलो नाही. खोट्या आशेवर उभा केलेला उत्साह महिनाभरात बसतो.

आता काटा. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा. काटा सतरंजीवर नको, सपाट लादीवर ठेवा, आणि रोज त्याच जागी. लादी वरखाली असेल तर चार पायांवरचा भार बदलतो आणि आकडा हलतो. काटा तपासायचा असेल तर एकदा नुसत्या उभ्या राहा, मग ५ किलो आट्याची बंद पिशवी घेऊन. फरक ५ किलोच्या आसपास यायला हवा. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवून थोड्या फरकाला तोच पुन्हा दाखवतात, ते मात्र एवढ्या मोठ्या फरकातून कळत नाही. सात दिवसांचे आकडे लिहून सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशी तुलना करा. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका. व्यायामानंतर लगेच वजन करून तर अजिबात नाही. मुंबईच्या दमटपणात तासाभरात अर्धा-एक लिटर घाम सहज जातो.

मशीनचं सांगायचं तर ते अंगातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी प्यायलात, घाम गेला, जेवून आलात की अंदाज बदलतो. जिमच्या मधोमध घेतलेला आकडा सोडून द्या.

ताटातलं_गणित
वरच्या उत्तरात एक मोठी गोष्ट राहिली: पाळी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींचं वजन पाण्यामुळे किलो-दीड किलोने वाढतं आणि पाळी सुरू झाली की उतरतं. म्हणून या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी नको. पाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवसाचं वजन पुढच्या महिन्यातल्या त्याच दिवसाशी ताडून बघा. मिठाचंही तसंच. रात्री पावभाजी, चायनीज किंवा लोणचं-पापड झालं की सकाळी काटा चढलेला दिसतो आणि एक-दोन दिवसांत खाली येतो.

तरीही खाणं प्रामाणिकपणे तपासा. व्यायाम सुरू झाला की भूक वाढते आणि ‘आज जिम झाली’ म्हणून हात सैल सुटतो. तुमच्या वजनाला अर्धा तास भरभर चालून सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. मूठभर शेंगदाणे खाल्ले की ३० ग्रॅममध्ये तेवढ्या परत येतात. आइस्क्रीम घातलेला चिकू शेक तीनशेच्या पुढे जातो. फोडणीतलं तेल तर कोणीच मोजत नाही: १५ मिलीचा एक मोठा चमचा १२० कॅलरी. आठवडाभर फक्त तेल आणि पेयं लिहून ठेवा, बाकी आत्ता काही बदलू नका. दोन्ही जेवणांत प्रथिनं मात्र नीट हवीत: पनीर, अंडी, मासे, उसळ. दिवसाला ७५ ते ९० ग्रॅमच्या आसपास.

तीन_मजले_चढून
माझं मत थोडं वेगळं. आकडा बघून मन खचत असेल तर रोजचं वजन तुमच्यासाठी नाही. सहा आठवडे काटा कपाटावर ठेवा आणि दुसरं मोजा.

कंबर: सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, शिंप्याची टेप जमिनीला समांतर धरून, श्वास सहज सोडल्यावर. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. भारतीय बायकांसाठी ८० सेंमीच्या वर धोक्याचं मानतात. नाडी: सकाळी अंथरुणातच पूर्ण एक मिनिट. आणि व्यायामाची वही. प्रत्येक प्रकाराचे ३ सेट, ८ ते १२ वेळा. तिन्ही सेटमध्ये १२ झाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा आणि पुन्हा ८ पासून सुरू करा. हातांच्या व्यायामाला एक किलोही पुरे. या वहीत जवळजवळ दर आठवड्याला काहीतरी पुढे सरकलेलं दिसतं. उत्साह त्यावर टिकतो.

सकाळची_लोकल
ट्रेनर म्हणतो रोज तासभर ट्रेडमिल कर आणि रात्रीची पोळी बंद कर. आणि पावसात उशीर झाला की जिम बुडते, मग आठवडाच मोडतो.

लोखंड_आणि_घाम
दोन्ही एकदम करू नका. भूक आणि थकवा एकत्र येतात आणि आधी सुटतो तो व्यायाम. आहे तेच आणखी चार आठवडे चालू द्या, मग सरासरी बघून फक्त एक गोष्ट बदला.

जिम बुडेल त्या दिवसासाठी घरचा दहा मिनिटांचा व्यायाम आत्ताच ठरवून ठेवा: खुर्चीवर बसून उठणं १२ वेळा, ओट्याला हात टेकवून पुशअप ८, प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ ताठ धरणं) २० सेकंद, अशा तीन फेऱ्या. ओटा ओला नाही ना, ते आधी बघा. हा दिवसही वहीत लिहायचा.

पुढचं मात्र व्यायामाचं पाणी समजू नका: पायावर सूज येऊन बोटाने दाबल्यावर खड्डा राहणं, आडवं पडल्यावर दम लागणं, दोन-तीन दिवसांत दोन किलो चढणं. लगेच डॉक्टरांकडे जा. जोराच्या व्यायामानंतर स्नायू प्रचंड दुखून लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं आणि वजन हे सगळं मिळून असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या. स्टेरॉइड किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनीही वजन वाढतं. चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.