चेंडूवानी फुगून खाली येणारा पिवळा पक्षी कोणता?

माळरान:
नमस्कार मंडळी, आमचं शेत येडशीच्या रामलिंग घाटाच्या जंगलाला लागून हाय, बांधावर कडुलिंब अन् बाभळी. मागच्या आठवड्यात उघडीप झाल्यावर सोयाबीन खुरपायला गेलतो तर चिमणीपेक्षा बारका एक पक्षी दिसला, पोटाकडून हळदीसारखा पिवळा, पंख काळे अन् त्यावर दोन पांढरे पट्टे, लिंबाच्या शेंड्यावरून सरळ वर उडाला आणि अंग फुगवून चेंडूवानी गिरक्या घेत खाली आला, वर लांबलचक शिट्टी. चारपाच वेळा तेच. मला वाटलं फवारणी बाधली का काय, जीव लई कळवळला. कोणी सांगता का?

बालाघाटी:
दादा काळजी करू नका, त्याला काही झालेलं नाही. हा सुभग, त्यातला नर. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत मादीसाठी असं करतो, कमरेवरची पांढरी पिसं फुलवतो म्हणून गोळा दिसतो, फांदीवर टेकला की शेपटी पसरून पंख थरथरवतो. मादीचे पंख हिरवट, पट्टे तिलाही असतात पण पानांत बसली की सापडतच नाही. एक बघा, शेपटीच्या टोकाला पांढरं आहे का? असेल तर तो मार्शलचा सुभग, कोरड्या भागातला.

रानपाखरू:
भाऊ घरटं जवळपासच असणार. फांदीच्या बेचक्यात इवलीशी वाटी, बारीक गवताची, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं अशी लिंपलेली की फांदीची गाठच वाटते. अंडी नर मादी दोघंही उबवतात. आमच्या परसातल्या चिंचेवर होतं, पोरांनी फोटोसाठी फांदी वाकवली, कावळ्यानं बघितलं अन् दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी. आजपण वाईट वाटतं मला. तुम्ही लांबूनच बघा, आणि बांधावरच्या झाडांवर फवारा जाऊ देऊ नका, अळ्या, किडे, कोळी हेच तर त्यांचं खाणं.

माळरान:
ताई, दादा, लई आभार. आज सकाळी मुद्दाम जाऊन बसलो, शेपटी सगळी काळी, टोकाला पांढरं नाही. लिंबाच्या डहाळीला उलटा लटकून पानामागची अळी ओढत होता, अन् मादी पण दिसली, चोचीत जाळ्याचा पांढरा धागा घेऊन बाभळीकडं गेली. त्या कडेच्या सोयाबीनच्या दोन ओळींना आता फवारणीचा पंप नेणार नाही, गड्यालाबी सांगितलंय.