एकाच वायरवर नेट आणि टीव्ही: घ्यावं का? सल्ला हवाय

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये सध्या दोन वायरी येतात. एक केबल टीव्हीची जुनी काळी वायर, गच्चीवरून. दुसरी ब्रॉडबँडची, वेगळ्या कंपनीची. आता केबलवाले मागे लागलेत की आमची फायबर घ्या, एकाच तारेत दोन्ही, बिलही एकच. पैसे वाचतील हे खरं, पण माझं काम घरूनच चालतं आणि आई-बाबांचे दोन टीव्ही संध्याकाळी सातनंतर बंद होत नाहीत. टीव्ही चालू असताना नेट मंदावतं का? बेडरूमच्या टीव्हीसाठी बिल्डरने भिंतीतून टाकलेली वायर वापरता येईल का? कोणाकडे असं कनेक्शन असेल तर सांगा.

चहाटळ
केबल कशाला ठेवताय अजून? चांगलं नेट घ्या आणि सगळं ओटीटीवर बघा.

गोदाकाठ
अहो, आईला रिमोटवर नंबर दाबून मालिका लावायची सवय आहे. तो विषय घरात झालाय, निकालही लागलाय. :)

खांबावरचा
मी याच कामात आहे (तालुक्याच्या गावी, तुमच्या केबलवाल्याशी संबंध नाही), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नेट मंदावण्याची भीती काढून टाका, पण आधी एक विचारून घ्या: टीव्ही आरएफने (जुन्या केबलसारखा वेगळा सिग्नल) देणार की आयपीटीव्ही (नेटच्याच वाटेने येणारा)? घरात जो ओएनयू (फायबर ज्यात येऊन जोडली जाते तो डबा) बसवतात त्याच्या मागे आट्यांचा गोल पोर्ट असेल आणि त्यातून काळी वायर सेटटॉप बॉक्सला जात असेल, तर ते आरएफ. यात टीव्हीचा प्रकाश १५५० नॅनोमीटरवर येतो, नेट तुमच्याकडे १४९० वर येतं आणि तुमच्याकडून १३१० वर जातं. तंतू एकच, पण तिघांची वाट वेगळी. दोन्ही टीव्ही दिवसभर चालले तरी नेटच्या स्पीडमधून काही जात नाही. बॉक्सला लॅन वायर किंवा वायफाय लागत असेल तर ते आयपीटीव्ही. तिथे प्रत्येक एचडी चॅनेल तुमच्या स्पीडमधूनच काही एमबीपीएस खातं. १०० चा प्लॅन असेल तर जाणवणार नाही, ३० च्या प्लॅनवर दोन टीव्ही आणि व्हिडिओ मीटिंग एकदम आली की जाणवेल.

आता खरी गोम. दोघांना लागणारी ताकद सारखी नसते. नेटचा सिग्नल उणे २५ डीबीएमपर्यंत (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा मोठा तितका प्रकाश कमी) पडला तरी नेट चालून जातं. टीव्हीच्या रिसीव्हरला मात्र साधारण उणे ८-१० च्या वर प्रकाश हवा, त्याखाली चित्र फुटायला लागतं. म्हणून कस्टमर केअरला फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, ‘नेट चालू आहे ना, मग लाइन ठीक आहे.’ ठीक नसते! त्यातून १५५० चा प्रकाश वाकलेल्या तारेतून जास्त गळतो. कपाटामागे फायबर कोपऱ्यात दाबली गेली की पहिल्यांदा टीव्ही जातो, नेटला पत्ताही लागत नाही. बसवायला मुलगा येईल तेव्हा त्याला पॉवर मीटरवर १५५० चं रीडिंग दाखवायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. पुढे तक्रार करताना तोच कामाला येतो.

पिनही बघा. टीव्हीवाल्या ओएनयूला हिरवी (एपीसी) पिन लागते. हिरव्या सॉकेटमध्ये निळी पिन खुपसून ‘चालतंय की’ म्हणणारे भेटतात. त्यांना परत पाठवा.

माई_पुणे
आमच्याकडे असं कनेक्शन आहे, तक्रार नाही. एकच सांगते, ओएनयूची वीज गेली की नेट आणि टीव्ही दोन्ही गेलं. आमचा टीव्ही इन्व्हर्टरवर होता पण ओएनयूचा प्लग नव्हता, त्यामुळे दिवे गेले की टीव्हीवर नुसता ‘नो सिग्नल’. त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या.

चहाटळ
बेडरूमसाठी फायबरच फोडून दोन ओएनयू लावता येतील ना?

खांबावरचा
नाही हो. घरात फायबर कधी फोडू नका. १:२ चा ऑप्टिकल स्प्लिटर (एका फायबरचे दोन फाटे करणारा) टाकला की साडेतीन डीबीच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद, उडाली, आणि टीव्हीकडे तेवढी शिल्लक बहुतेक वेळा नसते. दुसरा ओएनयू ऑपरेटरने रजिस्टर केल्याशिवाय त्यावर नेटही येत नाही. फोडायची ती ओएनयूनंतरची काळी वायर. तिथेही दोन-वाटी (दोन वाटांचा) स्प्लिटर साडेतीन डीबी खातो, चार-वाटी सातच्या वर. दोन टीव्ही असतील तर दोन-वाटीच घ्या, ‘पुढे लागेल’ म्हणून चारचा नको.

आणि दुसऱ्या टीव्हीला दुसरा सेटटॉप बॉक्स लागणारच. २०१३ च्या मार्चअखेर नाशिक डिजिटल झालं, तेव्हापासून वायर थेट टीव्हीला जोडून भागत नाही. बॉक्सचे पैसे एकत्र बिलात धरलेत का तेही विचारा.

जर्सीकर
न्यू जर्सीहून. इकडे बऱ्याच घरांत अजून काळ्या वायरवरच नेट येतं, केबल मोडेमने, त्यामुळे नियम थोडे वेगळे. वायर घरात शिरते तिथेच पहिला दोन-वाटी स्प्लिटर, त्याची एक वाट सरळ मोडेमला, दुसरी टीव्हींकडे. टीव्हींसाठी पुढे कितीही फाटे फोडा, मोडेमच्या वाटेवर दुसरा स्प्लिटर नको. मोडेम वरच्या दिशेला, म्हणजे घराकडून कंपनीकडे, ५ ते ४२ मेगाहर्ट्‌झवर बोलतो, म्हणून टीव्हीसाठी म्हणून मिळणारा साधा बूस्टर त्या वाटेत बसवला की चित्र छान आणि नेट बंद. रिकाम्या पोर्टवर ७५ ओहमची टोपी लावा, नाहीतर बाहेरचा गोंगाट आत शिरतो. भारतात अजून कोणाचं मोडेमवालं कनेक्शन असेल तर त्यांनाही हेच लागू.

खांबावरचा
टोपीचा मुद्दा इथेही लागू. आणि भिंतीतल्या वायरीबद्दल, @गोदाकाठ: आधी तिच्यावर काय छापलंय ते वाचा. आरजी-६ (काळ्या वायरीचा जाड, चांगला प्रकार) असेल तर बिनधास्त वापरा. आरजी-५९ (त्याहून बारीक) असेल तर लहान फ्लॅटला चालेल. टोकं मात्र नवीन कापून कॉम्प्रेशनचे (यंत्राने दाबून बसवायचे) एफ-कनेक्टर, म्हणजे आट्यांच्या पिना, लावून घ्या, हाताने पिळून बसवलेले नकोत. अशा वायरींचं जंक्शन बहुतेक दाराजवळच्या माळ्यावर असतं, आणि तिथे बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने ठोकलेला एखादा जुना स्प्लिटर निघतो. तो काढून टाका.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. माळ्यावर पाहिलं, खरंच एक गंजलेला चार-वाटी निघाला. वायर आरजी-६ आहे. म्हणजे ओएनयू माळ्यावरच बसवावा का? दोन्ही टीव्हींच्या वायरी तिथेच येतात.

खांबावरचा
टीव्हीसाठी उत्तम, वायफायसाठी वाईट. तुमची कामाची खोली आत असेल तर माळ्यावरून तिथपर्यंत एक कॅट-६ (नेटची लॅन वायर) ओढून घ्या आणि वेगळा राउटर लावा. ते जमत नसेल तर ओएनयू हॉलमध्ये ठेवा, त्याची काळी वायर हॉलच्या पॉइंटमधून उलटी माळ्यावर न्या आणि तिथून दोन-वाटीने बेडरूमला. पण मग हॉलच्या टीव्हीसाठी माळ्यावरून दुसरी वायर खाली आणावी लागेल. भिंतीतल्या पाइपात जागा आहे का बघा, नसेल तर पट्टीतून बाहेरून.

माई_पुणे
आणि जुनं ब्रॉडबँड लगेच बंद करू नका. महिनाभर दोन्ही चालू राहू द्या, जमल्यास पावसाचा महिना धरून.