हंपी : एकटीने अडीच दिवसांत काय पाहावे आणि काय सोडावे?

प्रश्न – कोल्हापूरची वाटसरू

सर्वांना नमस्कार. येत्या डिसेंबरमध्ये एका गुरुवारी कोल्हापूरहून हरिप्रिया एक्सप्रेसने निघून रात्री होसपेटला उतरायचे आणि शुक्रवार, शनिवार व रविवारची दुपार होईपर्यंतचा वेळ हंपीला द्यायचा, असे मी ठरवले आहे. माझे वय बावन्न आहे आणि आजवर मी एकटीने मुक्कामाचा प्रवास कधीही केलेला नाही. दोन वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर बदामी आणि पट्टदकल पाहिले होते. परंतु तेथे प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटांनी शिट्टी वाजत असे आणि आम्ही देवळे पाहण्याऐवजी बस शोधत धावत होतो. म्हणून या वेळी कोणाचीही सोबत न घेता जाण्याचा निश्चय केला आहे.

माझे माहेर वारकऱ्यांचे. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला होता आणि नाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी तो परत आणला, ही कथा आजीकडून अनेकदा ऐकलेली असल्यामुळे तेथील विठ्ठल मंदिर हे माझ्या प्रवासाचे मुख्य कारण आहे. बाकीच्या ठिकाणांची यादी मात्र पाहावी तितकी वाढतच जाते. इतक्या थोड्या वेळात काय वगळावे, नदीपलीकडचे आनेगुंदी करावे की नाही, मातंग टेकडीवर सूर्योदयासाठी एकटीने जाणे योग्य आहे का, आणि आजीच्या त्या कथेला काही आधार आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – मिरजकर

ताई, प्रथम व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली रात्र होसपेटमध्येच काढावी, कारण तेथून हंपी सुमारे तेरा किलोमीटर आहे आणि अनोळखी मुलखात रात्रीच्या वेळी रिक्षा ठरवत बसण्यात अर्थ नाही. सकाळी बस मिळते. पुढील दोन रात्रींसाठी विरूपाक्ष मंदिराजवळची घरगुती निवासस्थाने किंवा कमलापूर, यांपैकी काहीही चालेल. २०११ नंतर हंपीच्या जुन्या बाजारपेठेतील वस्ती हटवण्यात आली, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत वाचलेली दुकाने आणि खाणावळी शोधत फिरू नये.

तिकिटाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विठ्ठल मंदिर, झनाना म्हणजे कमळमहालाचा परिसर आणि कमलापूरचे संग्रहालय या तिन्हींना एकच तिकीट चालते, मात्र ते त्याच दिवसापुरते असते. आणि हे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. म्हणून बहुतेक लोक ही तिन्ही ठिकाणे शनिवारी एका दमात उरकतात आणि संध्याकाळी पाय धरून बसतात. तसे करू नये. दुसरे तिकीट काढावे लागले तरी फार तर एका जेवणाचे पैसे जातील.

मातंग टेकडीवर पहाटेच्या अंधारात एकटीने जाऊ नये, असेच मी सांगेन. वाट खडकाळ आहे, निर्जन आहे, आणि पाय मुरगळला तर हाक ऐकायला कोणी नसते. हेमकूट टेकडी विरूपाक्षाला लागूनच आहे, चढ सोपा आहे आणि तेथे सकाळ-संध्याकाळ माणसांची वर्दळ असते. सूर्य तोच दिसतो.

प्रतिसाद – शिळाप्रेमी

मिरजकरांनी प्रवासाचे सांगितले आहे, तेव्हा मी दगडांविषयी लिहितो. माझे मत थोडे आग्रही आहे, ते आधीच मान्य करतो: अडीच दिवसांसाठी यादीतील निम्मी नावे खोडून टाकावीत आणि शुक्रवारचा पूर्ण दिवस विरूपाक्षापासून विठ्ठल मंदिरापर्यंत नदीकाठाने चालण्यासाठी ठेवावा. हे अंतर दोन किलोमीटरांच्या आसपास आहे, परंतु ते अर्ध्या तासात संपवण्यासारखे नाही.

सकाळी लवकर विरूपाक्षात जावे. हंपीतील हे देऊळ आजही नांदते आहे. त्याचे मोठे गोपुर सुमारे पन्नास मीटर उंच आहे. देवळाच्या मागील बाजूस एका अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या लहानशा छिद्रातून प्रकाश येतो आणि समोरच्या भिंतीवर त्याच गोपुराची उलटी छाया पडते. छिद्रातून प्रकाशाचे किरण सरळ रेषेत येताना वरचे खाली आणि खालचे वर होतात, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. तरीही ते प्रत्यक्ष पाहताना माणूस क्षणभर गप्प होतो. तेथून बाहेर पडून सरळ रुंद रस्त्याने निघावे. दोन्ही बाजूंना दगडी खांबांच्या ओसऱ्या दिसतील. हीच जुनी पेठ. तिच्या टोकाला एकाच शिळेतून घडवलेला नंदी आहे. तेथून डावीकडे नदीची वाट धरली की कोदंडरामाचे देऊळ, पुढे अच्युतरायाच्या देवळासमोरची ओसाड पेठ, मग राजाच्या तुलेची दगडी चौकट, आणि शेवटी विठ्ठल मंदिर. अच्युतरायाच्या देवळात थोडे अधिक थांबावे. १५३४ मधील हे देऊळ टेकड्यांच्या बेचक्यात असल्यामुळे गर्दी तिकडे फिरकत नाही, आणि भग्नावशेष म्हणजे काय, हे मला तरी तेथे कळले.

आता पाहायचे कसे, हे सांगतो. येथील देवळांचे अधिष्ठान, खांब आणि भिंती ग्रॅनाइटच्या आहेत, तर वरची शिखरे आणि गोपुरांचे मजले बहुधा विटा आणि चुन्याचे होते. १५६५ च्या जानेवारीत राक्षसतागडीच्या, म्हणजे ज्याला आपण तालिकोटची लढाई म्हणतो त्या लढाईत विजयनगरचा कारभारी रामराया मारला गेला, राजधानी सोडून दरबार पेनुकोंड्याकडे गेला आणि शहर अनेक महिने लुटले गेले. परंतु सगळी पडझड त्या काही महिन्यांतलीच नाही. छप्पर उघडे पडले की चुना पावसाने सुटतो, विटांत झाडाची मुळे शिरतात. शिवाय मूर्तीखाली धन असते या समजुतीने गाभारे उकरणारे लोक नंतर कितीतरी वर्षे येत राहिले. राजवाड्यांची तर जोतीच उरली आहेत, कारण जोत्यावरचे बांधकाम बरेचसे लाकडाचे होते. त्यामुळे एखाद्या देवळासमोर उभे राहिल्यावर काय पडले याबरोबरच ते कशाचे बनलेले होते हेही पाहत जावे.

दगडी रथ हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. पन्नास रुपयांच्या नोटेवर तो सर्वांनी पाहिलेला असतो. वास्तविक ते गरुडाचे देऊळ आहे. १८५६ मध्ये घेतलेल्या छायाचित्रात त्यावर विटांचे शिखर स्पष्ट दिसते; ते पुढे काढून टाकण्यात आले. पुढचे दोन हत्तीही मूळचे नाहीत, तेथे पूर्वी घोडे होते. हत्तींच्या मागे जरा वाकून पाहावे, म्हणजे काय म्हणतो आहे ते लक्षात येईल. महामंडपातील ज्या खांबांतून सूर निघतात, ते वाजवून पाहण्यास मनाई आहे आणि मंडपात प्रवेश मिळणार नाही असे धरूनच जावे. एखादा वाटाड्या गुपचूप वाजवून दाखवतो म्हणाला तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. पाचशे वर्षांच्या दगडावर रोज हजार बोटे पडली तर पुढच्यांना काय उरणार?

शनिवारी सायकल किंवा रिक्षा घेऊन दक्षिणेकडील भाग पाहावा. कृष्ण मंदिर कृष्णदेवरायाने उदयगिरीच्या विजयानंतर बांधले; तेथील बाळकृष्णाची मूर्ती आता चेन्नईच्या संग्रहालयात आहे. जवळच १५२८ मधील नरसिंह आहे, उंची ६.७ मीटर. त्याला सर्रास उग्र नरसिंह म्हणतात, पण तो लक्ष्मीनरसिंह आहे: मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली आणि तिचा एक हात तेवढा त्याच्या पाठीशी राहिला आहे. गुडघ्यांना बांधलेली दगडी पट्टी अलीकडच्या डागडुजीची आहे. हजारराम मंदिराच्या भिंतींवर रामायण कोरलेले आहे, त्याला किमान एक तास द्यावा. महानवमी दिब्बा, म्हणजे उंच दगडी चौथरा, चढावा. कमळमहाल आणि हत्तीखाना वेळ उरला तर पाहावा, न उरला तर वाईट वाटून घेऊ नये.

प्रतिसाद – तुंगाकाठ

शिळाप्रेमींच्या सर्व म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु त्यांनी आनेगुंदीचा उल्लेखही केला नाही, हे मला पटले नाही. विजयनगरच्या स्थापनेचे वर्ष १३३६ सांगितले जाते. आनेगुंदी त्याहून जुने ठाणे आहे आणि आजही तेथे गाव नांदते आहे. पलीकडे भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि त्यांमधून वर आलेले गोल धोंडे असे जे दृश्य आहे, ते पाहिल्याशिवाय हंपीचा भूगोल समजत नाही: उत्तरेला नदी आणि बाकी तिन्ही बाजूंना टेकड्या असलेली ही जागा राजधानीसाठी का निवडली गेली असावी, हे पलीकडून एका नजरेत कळते. रविवारची सकाळ त्यासाठी ठेवावी. तेथील अंजनाद्री टेकडीच्या पायऱ्या पाचशेहून अधिक आहेत, तेव्हा गुडघ्यांना विचारूनच ठरवावे.

होडीने किंवा टोपलीसारख्या गोल हरगोलातून नदी ओलांडता येते, मात्र होसपेटजवळच्या तुंगभद्रा धरणातून पाणी सोडले असेल तर ही वाहतूक बंद होते आणि बुक्कसागराकडच्या पुलावरून मोठा वळसा पडतो. रविवारी दुपारी गाडी असेल तर हा वळसा गृहीत धरूनच निघावे. अंधार पडल्यावर पलीकडे कालव्याच्या किंवा तलावाच्या काठी एकट्याने थांबू नये. ही सूचना पुरुषांनाही लागू आहे.

प्रतिसाद – जुने पान

विठ्ठलाच्या कथेविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो.

भानुदासांनी मूर्ती परत आणल्याची कथा संतचरित्रांत आणि वारकरी परंपरेत दृढ आहे. पंढरपूरचे क्षेत्र त्याहून बरेच जुने आहे, याला १२३७ च्या शिलालेखाचा आधार आहे. हंपीच्या बाजूने पाहिले तर काही गोष्टी सहज जुळत नाहीत. तेथील विठ्ठल मंदिराचा आरंभ सामान्यतः दुसऱ्या देवरायाच्या काळात, म्हणजे कृष्णदेवरायाच्या अर्धशतकाहून अधिक आधी मानला जातो. कृष्णदेवरायाने आणि त्याच्या राण्यांनी १५१३ पासून त्याचा मोठा विस्तार केला. तेव्हा केवळ पंढरीची मूर्ती ठेवण्यासाठी त्याने हे देऊळ उभारले, असे म्हणता येत नाही. शिवाय पुढे सदाशिवरायाच्या काळातही या देवळाला नवे मंडप आणि दाने मिळत होती. देव निघून गेलेल्या देवळाला कोणी इतके देत नाही. म्हणून हंपीला विठ्ठलाची स्वतंत्र मूर्ती होती, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. आज गाभारा रिकामा आहे.

मात्र यावरून आजीची कथा टाकून द्यावी, असे माझे म्हणणे नाही. विठ्ठल हा दोन्ही भाषांचा देव आहे; ज्ञानदेवांनी त्याला कानडा म्हटले आणि तिकडे पुरंदरदासांनी आपल्या प्रत्येक पदाला ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा दिली. मूर्ती गेली असो वा नसो, पंढरी आणि विजयनगर यांच्यात माणसांची आणि पदांची ये-जा होती, आणि ही कथा त्याच येण्याजाण्यातून जन्मली असावी. विठ्ठल मंदिराजवळ नदीच्या पात्रातच पुरंदरदासांच्या नावाचा एक साधा मंडप आहे. पाणी वाढले की तो बुडतो. ताईंनी तेथे अवश्य बसावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – कोल्हापूरची वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवाच परत आले, म्हणून थोडक्यात कळवते.

शिळाप्रेमींचे ऐकले आणि शुक्रवारी चालत गेले. निघाले सकाळी सातला, विठ्ठल मंदिरात पोहोचले दुपारी दीडला. अच्युतरायाच्या देवळात पाऊण तासभर माझ्याखेरीज फक्त वानरे होती, आणि खरे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे भीती वाटली; नंतर गवत कापणाऱ्या दोन बायका आल्या, त्यांनी खुणेने डब्यातली ज्वारीची भाकरी पुढे केली, आणि भीतीचे कारण राहिले नाही. मला कानडी येत नाही, त्यांना मराठी येत नव्हते, तरी ‘पंढरपूर’ हा शब्द दोघींनाही लगेच कळला.

कमळमहाल राहिला. आनेगुंदीला गेले, पण अंजनाद्री अर्ध्यावर सोडून खाली उतरले. पाणी सोडलेले नसल्यामुळे होडी चालू होती आणि पुरंदर मंडपही कोरडा होता. शुक्रवारी विठ्ठल मंदिरातून निघाल्यावर तेथे बसून घरून नेलेला हरिपाठ पूर्ण म्हटला. मंदिरातील महामंडप बंदच होता, त्यामुळे गाभाऱ्याकडे अंगणातूनच तोंड करून हात जोडले. जुने पान यांचे म्हणणे मला पटले आहे. आजीला ते पटले असते का, याची खात्री नाही.

आणि रथाच्या हत्तींमागे वाकून पाहिले. घोड्यांचे मागचे पाय अजून तेथेच आहेत.