पाटी बदलली म्हणजे झालं का? कॅनडाचं सीपीए आणि आपलं सीए-सीएमए

ताळेबंद:
परवा कुणीतरी लिहिलं, "कॅनडाने सीए, सीएमए (मॅनेजमेंट अकाउंटंट), सीजीए (जनरल अकाउंटंट) या तिन्ही पदव्या एकत्र करून सगळ्यांना सीपीए (चार्टर्ड प्रोफेशनल अकाउंटंट) केलं. भारतातही सीए आणि कॉस्टवाल्यांना, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटना, एकच पाटी द्या, विषय संपला." त्यावर धडाधड 'सहमत' पडले, म्हणून लिहायला बसलो.

विषय असा संपत नसतो. क्वेबेक प्रांताने मे 2012 मध्ये सुरुवात केली. सीए आणि सीएमएच्या राष्ट्रीय संस्था मिळून 1 जानेवारी 2013 ला सीपीए कॅनडा झाली, सीजीए कॅनडा आली थेट 1 ऑक्टोबर 2014 ला. नियमन प्रांतांच्या हातात, म्हणून कायदेही वेगवेगळे: ब्रिटिश कोलंबियाचा जून 2015, ऑंटारिओचा मे 2017. तोवर जुन्या सदस्यांनी लिहायचं कसं? आधी सीपीए, मग स्वल्पविराम, मग जुनी पदवी: 'सीपीए, सीए' किंवा 'सीपीए, सीजीए'. फेलो (मानाचे सदस्य) असाल तर 'एफसीपीए, एफसीए'. नुसतं 'सीए' लिहायचं नाही, आणि सुरुवातीची साधारण दहा वर्षं जुनं शेपूट सोडून नुसतं 'सीपीए'ही लिहायचं नव्हतं. नव्या परीक्षेतून आलेला मात्र पहिल्या दिवसापासून फक्त सीपीए.

लेटरहेड आणि कार्डं सगळे आठवणीने बदलतात. चुकतं ते साच्यांत. मागच्या वर्षीची फाइल पुढे ओढली की ऑडिट रिपोर्टच्या तळाशी जुनंच 'चार्टर्ड अकाउंटंट्स' छापून येतं. एंगेजमेंट लेटर (ग्राहकाशी काम ठरवण्याचं पत्र), ईमेलची सही, वेबसाइटचा तळ, सगळीकडे तेच.

कॉस्टवाला:
म्हणजे तक्रार छपाईची आहे? आमच्या संस्थेचं नाव 2012 मध्ये बदललं, आयसीडब्ल्यूएचे आम्ही सीएमए झालो, आभाळ कोसळलं नाही. खरं दुखणं बोला ना. आयकर कायद्यात 'अकाउंटंट' म्हणजे फक्त सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस (व्यवसाय करण्याचं प्रमाणपत्र) असलेला सीए, म्हणून टॅक्स ऑडिटही त्याचंच. कंपनी कायद्याच्या कलम 148 खाली कॉस्ट ऑडिट तेवढं आमच्या वाट्याला, बाकी ताट तुमचं. पाटी एक झाली तर टॅक्स ऑडिटमध्ये वाटेकरी येईल, ही ती भीती!

बर्फातला ऑडिटर:
कॉस्टवाले, राग समजतो, पण पाटीने वाटा मिळत नाही. इथे कॅनडात तरी कुणाला मिळाला? ऑंटारिओत ऑडिट रिपोर्टवर सही करायला सार्वजनिक लेखाकर्माचा परवाना वेगळा लागतो, आणि सहीखाली 'लायसन्स्ड पब्लिक अकाउंटंट' लिहावं लागतं. क्वेबेकमध्ये परवानाधारक 'सीपीए ऑडिटर' लिहितो. नव्या मुलांना चार ऐच्छिक विषयांतले दोन निवडायचे असतात. ऑडिटकडे जायचं तर अ‍ॅश्युरन्स (हिशेबांची ग्वाही देण्याचा विषय) आणि टॅक्स हेच दोन घ्यावे लागतात. अंतिम परीक्षा तीन दिवसांची, तीत फायनान्शियल रिपोर्टिंग आणि अ‍ॅश्युरन्समध्ये सखोल ज्ञान दाखवावं लागतं. वर 30 महिन्यांचा अनुभव. परफॉर्मन्स मॅनेजमेंट आणि फायनान्स घेणाराही सीपीएच होतो, पण ऑडिटवर सही करू शकत नाही. अक्षरं एक, हक्क वेगळे.

जाता जाता: भारतातून आलेल्यांनी ऑंटारिओतल्या टोरांटोत प्रोफाइलवर नावाआधी 'सीए' लावणं बंद करावं. कायद्याविरुद्ध आहे.

आडवा हिशेब:
का बंद करावं? आमची पदवी 1949 च्या कायद्याने मिळालेली. तीन टप्प्यांच्या परीक्षांचे घाव सोसून मिळवलेली अक्षरं बर्फात पुरायची? 'सीए, इंडिया' लिहिलं की कुणाची फसवणूक होते?

बर्फातला ऑडिटर:
'इंडिया' लावून सुटका होत नाही. ऑंटारिओच्या कायद्यात परदेशी पदवी सांगायला मोजक्या जागा आहेत: परिषदेतलं भाषण, नोकरीचा अर्ज, निविदेतला प्रस्ताव. अर्जातही पदवी शैक्षणिक पार्श्वभूमी म्हणून द्यायची, आणि आपण सीपीए ऑंटारिओ या प्रांतिक संस्थेचे सदस्य नाही, त्यांच्या नियमनाखाली नाही, हे स्पष्ट लिहायचं. व्हिजिटिंग कार्ड, दुकानाची पाटी, ईमेलची सही या यादीत नाहीत. कर विवरणपत्रं भरून देणारे इथेच अडकतात. काम करायला मनाई नसते, पण पाटीवरचं 'सीए' गोत्यात आणतं.

आडवा हिशेब:
वा! आणि अमेरिकेचा सीपीए आला की पायघड्या, नाही का? अक्षरं तर तीच!

बर्फातला ऑडिटर:
त्यालाही तोच नियम. अमेरिकेत परवाना राज्याचा असतो. इलिनॉयचा सीपीए इथे येऊन नुसतं 'सीपीए' लावू शकत नाही. रागवायचंच तर आधी कायदा वाचून रागवा.

कॉस्टवाला:
मजा बघा. सीएवाले परदेशात गेले की त्यांना कळतं, दुसऱ्याच्या कायद्यात आपली अक्षरं नसली की कसं वाटतं. इथे आम्ही रोज तेच जगतो.

ताळेबंद:
टोमणा मान्य. पण टोमण्याने व्याख्या बदलत नाही. भारतात सीएचा 1949 चा आणि कॉस्टवाल्यांचा 1959 चा, असे दोन कायदे एकत्र करावे लागतील. शिवाय कंपनी कायद्यातली ऑडिटरची आणि आयकरातली अकाउंटंटची व्याख्या, दोन संस्थांचे सदस्यत्व क्रमांक, यूडीआयएन (सही केलेल्या प्रत्येक कागदाचा ओळख क्रमांक), शिस्तसमित्या. हे आधी, पाटी शेवटी. आणि ज्या कॅनडाचे दाखले देता, तिथे ऑंटारिओ आणि क्वेबेक 20 डिसेंबर 2024 पासून सीपीए कॅनडातून बाहेर आहेत. तरी तिथल्या लोकांचं 'सीपीए' गेलं नाही, कारण ती अक्षरं प्रांतिक संस्था देते, राष्ट्रीय नाही.

कॉस्टवाला:
बरं, पाटी शेवटी. पण व्याख्येचं बोलणार कोण? दर वेळी 'आधी हे, आधी ते' म्हणत तुम्हीच अडवता.

आडवा हिशेब:
तुमचं घरगुती भांडण चालू द्या. बर्फातले, नावाआधीचं काढलं, खूश? आता एवढंच सांगा, 'सदस्य नाही' ते वाक्य रेझ्युमेत शेवटच्या पानावर टाकलं तर चालेल का?

बर्फातला ऑडिटर:
शेवटच्या पानावर कुणी वाचत नाही. जिथे आयसीएआय (भारतातली सीएंची संस्था) लिहिलंय तिथेच, त्याच ओळीला लागून लिहा.